वडील गेले, नोकरी गेली, आता प्रार्थनाही होत नाही. ख्रिस्ती विश्वासातून आशा मिळते ती नेमकी कशी?

तुम्ही लिहिलंय की वडील वारले, पाठोपाठ नोकरी गेली, आणि मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं भेटली की "देवाची काहीतरी योजना असेल, विश्वास धरा" एवढं बोलून पुढे जातात. प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचत नाहीत. मग आशा कुठून आणायची, असं विचारलंय.

मी पाळक, म्हणजे चर्चमधली धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. नगरकडची, मंडळीतच लहानाची मोठी झालेली बाई आहे. मिस्टरांच्या किडनीच्या आजारात डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बराच काळ काढला. ते वारले. तेव्हा "प्रार्थना केली आणि दुखणं पळालं" अशी साक्ष माझ्याकडे नाही. ती वाचायची असेल तर माझं उत्तर सोडून द्या.

शब्द सुचत नाहीत ना, तर सुचवायला जाऊच नका. पवित्र शास्त्रात दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश रडगाणी आहेत. हा शब्द मी प्रेमाने वापरतेय. उपासनेत आपण तेविसावं म्हणतो, एकशे एकविसावं म्हणतो, म्हणून बाकीची नजरेआड राहतात. तेरावं उघडा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांत "कोठवर" हा सवाल देवाला चार वेळा केलाय. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कठीण. बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही, की शेवटी एखादी गोड ओळही जोडली नाही. माझ्या वाईट दिवसांत मी तेवढंच मोठ्याने वाचायचे. त्यापुढे माझं स्वतःचं काही बोलायचे नाही. तीही प्रार्थनाच आहे, असं मी खात्रीने सांगते, कारण वधस्तंभावर येशूने हेच केलं. "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" ही त्याची आरोळी म्हणजे बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं लिहिणाऱ्या मत्तय आणि मार्क दोघांनीही ती नोंदवून ठेवलीय.

आता त्या "योजना असेल" वाल्यांबद्दल. पवित्र शास्त्रात ईयोब नावाच्या, सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक आहे. त्याचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथवर ते उत्तम होते. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला: तुझं काहीतरी चुकलं असेल, पाप असेल, नाहीतर देव असं कसं करील. ईयोब त्यांच्याशी भांडला, देवाशीही भांडला. आणि पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. आमच्याकडेही एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेले होते की विश्वास कमी पडतोय, औषधं बंद करून बघा. मी त्यांना चहा दिला आणि औषधं चालू ठेवली.

प्रेषित पौलाचंच बघा ना. शरीरातला काटा काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढं उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग आशा कशाची? नोकरी लागेलच, याची मी हमी देत नाही आणि ख्रिस्ती विश्वासही देत नाही. माझी आशा एका गोष्टीवर उभी आहे: ज्या येशूला मारून पुरलं त्याला देवाने उठवलं, आणि उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. जे सोसलं ते पुसून टाकून देव नवं काही करत नाही, असं मला त्यातून कळतं. माझे मिस्टर मला पुन्हा भेटतील असं मी मानते. पण त्याने माझं रडणं कमी झालं नाही, आणि कमी व्हावं असं पौलही म्हणत नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं त्याने लिहिलेलं नाही. अंत्यविधीला हे वचन वाचणारे पुष्कळदा हा फरक विसरतात.

पंडिता रमाबाईंची आठवण मला याच संदर्भात येते. आपल्याकडे त्यांचं नाव विद्वत्तेसाठी आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनसाठी, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमासाठी, घेतलं जातं, पण त्यांचं सोसणं बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, तेव्हा मुलगी वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घेतल्यावर तिथल्या मठातल्या सिस्टरांशी धर्ममतांवरून चांगले खटके उडवले. मुकाट्याने मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी १९२१ मध्ये एकुलती मनोरमाही त्यांच्याआधी गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. विश्वास धरल्यावर दुःख थांबलं असं त्यांच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही. तरी मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

तुमचा विश्वास संपत आलाय असं तुम्हाला वाटतंय. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची गोष्ट आहे. चौघांनी एका पक्षघाती माणसाला उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. बाजेवरच्याने काय केलं? तो पडून होता. सध्या तुम्ही पडून राहा. दोन माणसं शोधा, सगळी मंडळी नको, आणि त्यांना सरळ सांगा की माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा. माझ्या बाबतीत हे काम दोन म्हाताऱ्यांनी केलं. त्या यायच्या, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं एखादं गीत म्हणायच्या, भाकरी-कालवण ठेवून जायच्या. उपदेश शून्य.

भाकरीवरून आठवलं. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून "मला मरण दे" म्हणाला. देवदूताने त्याला आधी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. देवाचं बोलणं सुरू झालं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. तुम्ही नीट जेवताय का, झोप लागते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. जगणंच नको वाटत असेल तर आजच १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. मानसोपचाराची गोळी घेतली म्हणजे विश्वास कच्चा, असं कुणी म्हणालं तर वरचे चहावाले गृहस्थ आठवा.

रविवारी जमलं तर मंडळीत जाऊन मागच्या बाकावर बसा. गाणं म्हणवलं नाही तर म्हणू नका. बाहेर पडताना कुणी "कसं काय" विचारलं तर "बरं नाही" म्हणा, आणि जो थांबून ऐकेल त्याचा नंबर घ्या.