'फार्मर' म्हणजे शेतकरी? पंधराव्या शतकात नाही!

प्रश्न असा: पंधराव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या मजकुरात 'फार्मर ऑफ द मॅनर' आलं आहे, त्याला 'मॅनरचा शेतकरी' म्हणावं का? आणि मॅनर, म्हणजे मालकाची घरची शेती, कुळं आणि न्यायसभा मिळून होणारी इस्टेट, ही जहागीर का?

नाही, नाही आणि नाही. 'लेट टू फार्म'चं 'मॅनर २० मार्कांना (मार्क ही पैशातली रक्कम, हिशेब खाली) शेतीसाठी दिला' हे भाषांतरही आता डोक्यात जायला लागलंय. तिथे 'फार्म' म्हणजे शेत नव्हे. फार्म म्हणजे ठरलेली रक्कम, आपला मक्ता. फार्मर म्हणजे मक्तेदार, मग तो व्यापारी असो, छोटा सरदार असो की गावातली चार कुळं मिळून असोत.

लॅटिन 'फिर्मुस' म्हणजे पक्का. त्यावरून 'फिर्मा', म्हणजे पक्कं ठरलेलं देणं. त्याचं फ्रेंच 'फेर्म'. आणि 'क्लर्क'चा उच्चार जसा क्लार्क झाला तसं इंग्रजीत 'फार्म'. जमिनीला हा शब्द चिकटला तो सोळाव्या शतकात. काही कोशकार अजून जुन्या इंग्रजी 'फेओर्म'चा, म्हणजे जेवणाचा, हट्ट सोडत नाहीत. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, राजाच्या 'एका रात्रीच्या फिर्मा'चा, म्हणजे एका रात्रीच्या शिध्याचा, उल्लेख आहे, हा त्यांचा पुरावा. मग फ्रेंचांनी 'फेर्म' काय इंग्रजांच्या ताटातून उचललं? कारकुनांनी दोन सारखे ऐकू येणारे शब्द एकत्र केले, इतकंच.

खरी गंमत आपल्याकडे आहे. 'मक्ता' अरबी 'तोडणे' या धातूवरून आला. तोडून टाकलेली, म्हणजे पुन्हा घासाघीस नसलेली रक्कम. गझलेचा शेवटचा शेर मक्ता, तोही त्याच धातूचा. आणि जमिनीचा 'खंड'? माझ्या मते तोही तोच विचार: खंड म्हणजे तुकडा, एकदाच पाडलेला. अर्धेलीत पीक बुडालं तर मालकही बुडतो, खंडात फक्त कसणारा. म्हणून 'लेट टू फार्म' म्हणजे सरळ 'खंडाने दिला'.

अर्थ चुकला की आकडेही चुकतात. १३४८-४९च्या प्लेगनंतर मजुरी चढली, १३७५च्या सुमारास धान्य उतरलं, आणि मालकांनी घरची शेती मोडून खंडाने लावली. जमाखर्च मायकेलमस ते मायकेलमस, म्हणजे २९ सप्टेंबरपासून वर्षाचा. त्यात आधी बियाणं, नांगरदुरुस्ती, कापणीची मजुरी असा पसारा असायचा. नंतर 'फिर्मा'ची एकच ओळ. ती वाचून 'उत्पन्न घटलं' म्हणणारे खर्चही गेला हे विसरतात. बरेचदा करारात बैल, बियाणं, अवजारंही मोजून दिलेली असत, आणि मुदत संपल्यावर तितकीच परत करायची असत. न्यायसभेचा दंड मात्र मालक सहसा स्वतःकडे ठेवी.

मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं: १३ शिलिंग ४ पेन्स. म्हणजे २० मार्क = १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. 'वर्षाला १० पौंडांचा मॅनर' ही विक्रीची किंमत नाही, वर्षाचं उत्पन्न आहे; विकताना साधारण वीसपट, म्हणजे २०० पौंड धरत. शिवाय मालक मेल्यावरच्या सरकारी चौकशीत पंच जो आकडा सांगत, तो बरेचदा मुद्दाम कमी असे.

जहागिरीचं राहिलंच. जहागीर राजाने सेवेच्या बदल्यात दिलेली, मुळात त्याच्या मर्जीवरची; मॅनर मात्र विकता येई, वारसाला जाई. त्याला मॅनरच म्हणा.