ओळख पटली नाही, असंच लिही

चि. …,

अनेक आशीर्वाद.

नेपाळातल्या ठुलाखर्कहून, स्थलांतर करणाऱ्या गरुडांच्या मोजणीवरून, आलेलं तुझं पत्र वाचलं. तुझ्या जोडीदाराच्या तक्त्यात लांबवरचे सगळे मोठे गरुड ‘स्टेप ईगल’ म्हणून पडतात आणि तुझ्या तक्त्यात त्यातले पुष्कळ ‘ओळख पटली नाही’च्या रकान्यात जातात. संध्याकाळी आकडे जुळवताना तुलाच काही येत नाही असं वाटतं. तो म्हणतो, पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या गरुडांत बहुतेक स्टेपच असतात, मग लिहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. ओळख पटली नाही तर ओळख पटली नाही असंच लिही.

‘बहुतेक’ हे तर पुण्यात बसूनही सांगता येतं, त्यासाठी पोखऱ्याहून वर चढून थंडीत दुर्बीण धरायची गरज नाही. स्टेप ईगल २०१५ पासून संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. उद्या तो आणखी घटला तर ते कळणार कुठून? पक्षी कमी होत जातील आणि तुमचा अंदाज तेवढाच राहील.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनची, स्थलांतर करणारे शिकारी पक्षी जिथून जातात त्या डोंगराची, गोष्ट तुला माहीत आहे. रोझली एज यांनी १९३४ मध्ये तो डोंगर भाडेपट्ट्यानं घेऊन तिथली शिकार थांबवली आणि मॉरिस ब्रून रखवाली करता करता मोजायला लागले. पण त्यांचा वयाचा रकाना तू नीट पाहिला आहेस का? १९३५ ते ३९ मध्ये तिथून गेलेल्या बाल्ड ईगलमध्ये शेकडा ४० कोवळे होते. १९५५ ते ५९ मध्ये शेकडा २० उरले. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच कोवळा. मोठे दिसत होते, पिल्लंच येत नव्हती. लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांविरुद्ध हेच आकडे पुढे केले. त्यातल्या डीडीटीवर अमेरिकेत बंदी आली १९७२ मध्ये. ब्रूननी सवयीनं ‘कोवळे असतीलच’ म्हणून रकाना भरला असता तर?

म्हणून सांगतो, स्टेपच्या पंखाखालचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसला तर कोवळा लिही. समोरून ऊन येतंय, नुसती काळी आकृती दिसतेय, तर वयही कळलं नाही असंच लिही. आणि थर्मलमध्ये, वर चढणाऱ्या गरम हवेत, गरगरणारा थवा मोजू नकोस गं! रिंगणात धावणारे वारकरी कोणी मोजतं का? दिंडी चालू लागली की मोजायचं. थव्यातून सुटून ते एकामागून एक सरळ घसरत निघाले की मोजणीचा क्लिकर दाबायचा. ढग वर चढून समोरचं काहीच दिसेनासं झालं तर तेही तासाच्या नोंदीत यायला हवं, नाहीतर नंतर वाचणाऱ्याला वाटेल की पक्षीच नव्हते.

मला एका संस्थेनं अहवालासाठी आकडा ‘जरा भरीव’ करून मागितला होता. मी दिला नाही. पुढच्या हंगामापासून मला बोलावणं बंद झालं. ते हंगाम गेले, याची हळहळ आजही ऑक्टोबर लागला की होते. गुडघे धड होते तेव्हाच ते गेले. मला हेकट म्हणणारे अजून भेटतात. म्हणोत. त्या तक्त्यांत माझ्या हातचा एकही न पाहिलेला पक्षी नाही, आणि आज कोणी विचारलं तरी मी तेच करीन.

तुझ्या जोडीदाराशी भांडू नकोस. मुलगा मेहनती आहे, तुझ्या पत्रावरूनच कळतं. पण दोघांची सरासरी काढून मधला आकडा लिहायचा असं जे तू सुचवलं आहेस, ते मला अजिबात पटलेलं नाही. सरासरी कसली काढतेस? तू पाहिलंस ते तू लिही, त्यानं पाहिलं ते तो लिहील.

परतताना बिकानेरला जोडबीडवर, मेलेली गुरं टाकतात त्या जागी, थांबणार आहेस ना? तिथे स्टेप ईगल जमिनीवर, जवळून बघायला मिळतात. चोचीची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते, ती नीट बघून घे. आणि तक्त्यांचे फोटो पाठव, खाडाखोड असलेले मूळ कागदच, स्वच्छ उतरवून काढलेले नकोत.

— काका