गावात प्लास्टिक पुनर्वापराचा उपक्रम सुरू करताना यंत्र आधी घ्यावे का?

बीड जिल्ह्यातील आपल्या गावात बचत गटामार्फत प्लास्टिक गोळा करायचे आहे आणि त्यासाठी तुकडे करणारे यंत्र आधी घ्यावे का, असे आपण विचारले आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील आमच्या गावात हे काम काही वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे आणि माल घेणारा भंगार व्यापारी आधी गाठावा. शेजारच्या एका गावाने उलटा क्रम धरला; मातीने भरलेल्या मालामुळे पाती बोथट झाली आणि यंत्र आता समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडून आहे.

व्यापाऱ्याच्या लेखी सगळे प्लास्टिक एक नसते. मिसळलेल्या गोणीला तिच्यातील सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो, म्हणून तळाच्या त्रिकोणात १ असलेल्या पाण्याच्या बाटल्या, २ असलेले जाड डबे आणि शेतातून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या यांच्या गोण्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. बाटलीचे झाकणही काढावे, कारण ते निराळ्या प्लास्टिकचे असते; बादलीभर पाण्यात टाकून पाहिल्यास झाकण तरंगते आणि बाटलीचा तुकडा तळाला जातो. कीटकनाशकाचे डबे मात्र या गोण्यांत मुळीच घेऊ नयेत. ते तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून आणि भोके पाडून अगदी स्वतंत्र ठेवावे लागतात.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची आहे. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात मळलेले प्लास्टिक धूत बसणे परवडत नाही, त्यामुळे ते घरातच ओल्या कचऱ्यापासून दूर राहिले पाहिजे. आमच्या गटातील बायकांनी स्वयंपाकघरातील खुंटीला एक रिकामी गोणी अडकवली. दुधाची पिशवी घोटभर पाण्याने विसळून ते पाणी तुळशीला घालायचे आणि पिशवी वाळवून गोणीत टाकायची, एवढाच नियम. सभा घेऊन जे साधले नव्हते ते या खुंटीने साधले.

दोन वस्तूंपुढे आम्ही हात टेकले. चिप्सच्या चमकदार पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि टरबुजाच्या वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचाच पातळ पडदा, जेमतेम २५-३० मायक्रॉनचा, फाटका आणि मातीने जड झालेला असतो. दोन्हींना आमच्याकडे घेणारा मिळाला नाही. मल्चिंग पेपर बांधावर पेटवून देतात, तेवढे तरी थांबवावे. आठवडी बाजारातील पातळ पन्नीचेही तसेच आहे: १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे, पण भाजीसोबत ती आजही मिळते आणि शेवटी उकिरड्यावरच्या गायीच्या पोटात जाते. तिथे गोळा करण्यापेक्षा घरून कापडी पिशवी नेणे हाच उपाय आहे.

पहिला महिना फक्त गोळा करा. मग एक मिसळलेली आणि एक निवडलेली अशा दोन गोण्या तालुक्याच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवून भाव लिहून घ्या, आणि दोन्ही भावांतील फरक बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा; यंत्राचा विषय त्यानंतर काढावा.