वाचकांचे प्रश्न : घाटात झटके मारणारी गाडी आणि पुन्हा पुन्हा लागणारा इंजिनाचा दिवा

प्रश्न : माझ्याकडे २०१६ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी असून तिला नंतर सीक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले आहे. पावसाळ्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडी झटके मारू लागली, पिकअप गेला आणि इंजिनाचा पिवळा दिवा काही वेळ लुकलुकून मग स्थिर झाला. इगतपुरीनंतर सपाट रस्त्यावर गाडी बरीचशी सुरळीत चालली. नाशिकमधील एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला असता पी०३०३ हा कोड आला. तो पुसून दिला, पण काही दिवसांतच दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजने चारही कॉइल आणि पेट्रोलचे चारही इंजेक्टर बदलायला सांगितले आहे. सीएनजीवर दोष अधिक जाणवतो. पेट्रोलवर कमी, पण जाणवतोच. प्लग कधी बदलले होते ते आठवत नाही. हा खर्च करावा का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग, बदलण्याचा सल्ला आपण तूर्त बाजूला ठेवावा, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. आपल्या किटला गॅसचे स्वतंत्र इंजेक्टर असतात आणि गाडी सीएनजीवर चालू असताना पेट्रोलचे इंजेक्टर काम करत नाहीत. त्यामुळे दोन्ही इंधनांवर तोच सिलिंडर मिस होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर दोष पेट्रोलच्या इंजेक्टरमध्ये असण्याची शक्यता फारच कमी राहते. मात्र फक्त पेट्रोलवर गाडी चालवूनही पी०३०३ हाच कोड येतो का, याची आधी खात्री करून घ्यावी.

या कोडचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत आहे, एवढाच आहे. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही. प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला) मिळणारा वेग सेन्सर मोजत असतो आणि एखाद्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग वारंवार कमी पडला, की संगणक त्या सिलिंडरचा क्रमांक नोंदवतो. त्याच वेळी इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार यांचीही नोंद होते. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि म्हणूनच कारण न शोधता कोड पुसून गाडी परत देण्याची पद्धत मला मनापासून खटकते. पुढच्या वेळी पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

आपण सांगितलेली लक्षणे ठिणगीच्या दोषाकडे बोट दाखवतात. चढावर ॲक्सिलरेटर अधिक दाबला, की सिलिंडरमध्ये हवा अधिक भरते आणि दाब वाढतो. त्या दाबात प्लगच्या दोन टोकांमधील अंतर ओलांडायला ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. सीएनजीला ते पेट्रोलपेक्षाही जास्त लागते. प्लग झिजून हे अंतर वाढले असेल किंवा प्लगला हे व्होल्टेज पुरवणारी कॉइल अशक्त झाली असेल, तर सपाट रस्त्यावर कसेबसे निभावणारे इंजिन घाटात मिस होऊ लागते, आणि गॅसवर ते आधी होते. साधे निकेलचे प्लग साधारणपणे ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात, आणि सीएनजीवरील गाडीत ते त्याआधीच पाहावे लागतात. केव्हा बदलले ते आठवत नसेल, तर चारही प्लग बदलण्याचा खर्च योग्यच आहे. मात्र ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचे आणि तेवढ्याच गॅपचे असावेत, आणि इंजिन थंड असतानाच काढावेत, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे गरम असताना लवकर खराब होतात.

परंतु त्याआधी कॉइलची चाचणी करून घ्यावी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद ठेवून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी चढावर नेऊन पाहावी. नाशिकहून नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडाचा घाट यासाठी पुरेसा आहे. आता पी०३०२ आला, तर ती एकच कॉइल बदलावी. पी०३०३ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष आहे असे धरून तशीच प्लगची अदलाबदल करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही. कॉइल काढताना प्लगच्या खोबणीत अवश्य पाहावे. पाणी दिसले तर ते पावसाचे किंवा इंजिन प्रेशरने धुतल्याचे असेल. तेल दिसले तर टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) गॅस्केट बदलावे लागेल, अन्यथा नवी कॉइलही टिकणार नाही.

यानंतरही दोष तिसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. बराच काळ सीएनजीवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हावा म्हणून ठेवलेली बारीक फट) कमी होते आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत. तिसऱ्या सिलिंडरचे माप इतरांहून बरेच कमी आले, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. माप वाढले तर पिस्टनच्या रिंग संशयित ठरतात. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागते.

दिवा स्थिर असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल, तर मात्र वेग आणि भार ताबडतोब कमी करून सुरक्षित जागी थांबावे, आणि तरीही तो लुकलुकत राहिला तर गाडी टोचन करून न्यावी. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या, सायलेन्सरच्या लाइनमधील भागात) जाऊन पेटते, त्याच्या आतली जाळी वितळू शकते, आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो. म्हणून मिसिंग थांबल्यानंतरही पिकअप कमीच वाटला, तर कन्व्हर्टर तुंबला नाही ना, हे सायलेन्सरच्या लाइनमधील दाब मोजून पाहून घ्यावे.