पुन्हा काउंटरवर उभं राहायचंय

प्रश्न : मी डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा केलेली. २०१२ मध्ये धाकटीच्या वेळी धंतोलीतल्या मेडिकलमधली नोकरी सोडली. आता परत जावंसं वाटतं, पण सगळं विसरले की काय, अशी धास्ती आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी कपाटातून रजिस्ट्रेशन काढा अन् तारीख बघा. नूतनीकरण राहिलं असेल तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीतून नाव निघालेलं असू शकतं. फी भरून ते परत लावता येतं. १९४८ च्या फार्मसी कायद्यातच तशी सोय आहे. तोवर काउंटरला हात लावू नका, मालक ‘चालते ना’ म्हणाला तरी.

औषधं विसरत नाहीत हो. ब्रँड बदलले, आतलं औषध तेच. बिलिंगचं सॉफ्टवेअरही लवकर हाताशी बसतं. शिकायचं ते शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीवरच अन् नोंद ठेवून द्यायच्या औषधांची सरकारी यादी. मार्च २०१४ पासून लागू झालं, म्हणजे तुमच्या मागून. त्यातलं सेफिक्झाइम किंवा अल्प्राझोलाम दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये. ते तीन वर्षं जपायचं. पट्टीवर लाल चौकटीतली सूचना दिसली की हात थांबला पाहिजे.

अन् एक. ‘सर्टिफिकेट भिंतीवर टांगू द्या, घरबसल्या पैसे देतो’ म्हणणारा हमखास भेटेल. चुकीचं औषध गेलं तर पहिली विचारणा तुमच्याच नावाची होईल. सरळ नाही म्हणा, अन् गर्दीचं दुकान शोधा. हात तिथंच लवकर वळतो.