शहर ठरलं, कोर्स ठरला, मुलीला विचारलं का?

नमस्कार,

पत्रासोबत पाठवलेला तक्ता पाहिला. जगभरातली चाळीस शहरं, प्रत्येकापुढे एका घराचं सरासरी वार्षिक उत्पन्न म्हणून लिहिलेला आकडा, वरून खाली क्रम लावलेला आणि पहिल्या पाच नावांना पिवळा रंग. मुलगी बारावीत आहे, मार्क चांगले आहेत, आणि या पाचपैकी एका शहरात नोकरी लागेल असा कोर्स मी सुचवावा एवढंच तुमचं म्हणणं. म्हणजे आधी शहर, मग नोकरी, मग शिक्षण आणि सगळ्यात शेवटी मुलगी.

कोर्सचं नंतर बोलू, कारण मला काळजी वाटली ती वेगळ्याच वाक्याची. तुम्ही लिहिलंय, "ती प्रत्येक गोष्टीला फाटे फोडते. परवा विचारत होती, त्या एका घरात कमावणारे किती आहेत ते यात कुठे आहे? मी म्हटलं, आधी तिथे पोच, मग विचार. आता वाद घालत नाही, समजूतदार झालीय." अहो, तुमच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी गफलत तिने एका प्रश्नात पकडली आणि त्यावर तिला गप्प बसवलं गेलं. वाद घालणारी मुलगी अचानक गप्प झाली की घरात शांतता वाटते, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की इथे बोलून उपयोग नाही हे तिला कळलंय, आणि अशी मुलं नंतर फॉर्मवर सांगाल तिथे सही करतात, दुसऱ्या वर्षाला अडकतात आणि तेव्हाही घरी काही सांगत नाहीत. मला मार्कांपेक्षा याची भीती जास्त वाटते. तुमचा हेतू वाईट नाही हे पत्रातून दिसतं, तिचं भलं व्हावं म्हणूनच रात्री बसून तुम्ही हे आकडे गोळा केलेत. पण दडपण यायला हेतू वाईट असावा लागत नाही.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. घराचं उत्पन्न म्हणजे त्या छताखाली राहणाऱ्या सगळ्यांची मिळून कमाई, एकाचा पगार नाही. जिथे दोघं तिघं कमावतात तिथला आकडा आपोआप मोठा दिसतो, आणि जिथे एकटी राहणारी तरुण माणसं, विद्यार्थी किंवा पेन्शनर जास्त तिथे लहान. म्हणून अभ्यासक मंडळी घरातल्या माणसांचा हिशोब घालतात, त्यात एक सोपी पद्धत अशी की उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. चार जणांच्या घराचं उत्पन्न 100 असेल तर भागिले 2, म्हणजे 50. एकटं राहणाऱ्याचं 60 असेल तर ते 60च राहतं. तुमच्या तक्त्यात पहिलं घर श्रीमंत दिसतं, पण प्रत्यक्षात बरं चाललंय ते दुसऱ्याचं. त्यात तुम्ही घेतलीय सरासरी. दहा घरं धरा, नऊ घरांचं उत्पन्न 50 आणि दहाव्याचं 1050, तर सरासरी येते 150, आणि त्या शहरात 150 कमावणारं घर एकही नाही! यासाठी मध्यक बघायचा असतो, सगळी घरं चढत्या क्रमाने लावून बरोबर मधलं, ते इथे 50. आणि हे सगळं झाल्यावरही ते त्या शहराचं उत्पन्नच असतं, नुकत्याच पास होऊन तिथे उतरलेल्या मुलीला कोणी शहराचा मध्यक पगार म्हणून देत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. तक्त्यात काही नावांपुढे खरंच घराचं उत्पन्न आहे आणि काहींपुढे दरडोई जीडीपी, म्हणजे तिथल्या एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागून आलेला आकडा, हे एका रांगेत लावताच येत नाहीत. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज कामाला येणाऱ्यांचं उत्पादन मोजलं जातं पण ती माणसं लोकसंख्येत धरली जात नाहीत, त्यामुळे दरडोई आकडा फुगतो. आयर्लंडचा 2015 सालचा जीडीपी वाढल्याचा पहिला आकडा 26 टक्के आला होता, तो बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशोबाच्या हलवाहलवीमुळे, लोकांचे पगार काही तसे वाढले नव्हते. शहराची हद्द कुठे धरली तेही बघा, अमेरिकेतलं डेट्रॉइट नुसतं महापालिकेच्या हद्दीपुरतं मोजलं तर गरीब आणि उपनगरांसकट मोजलं तर चित्रच बदलतं. शिवाय उत्पन्न आणि संपत्ती वेगळी, जुनं घर नावावर असलेला पेन्शनर उत्पन्नात खाली आणि संपत्तीत वर असू शकतो.

आणि खर्च. सॅन फ्रान्सिस्कोत 2018 साली चार जणांच्या कुटुंबाचं उत्पन्न 1,17,400 डॉलर असलं तरी अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या यादीत ते 'कमी उत्पन्न' गटात मोडत होतं. तुम्ही पिवळा रंग दिलेलं पहिलं नाव हेच आहे.

तुम्हाला खरंच शहरांची तुलना करायचीच असेल तर अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये केलेलं काम मुलीसोबत बसून वाचा. त्यांनी अमेरिकेत विचारलं की उत्पन्नात तळाच्या पाचव्या भागातल्या घरात वाढलेलं मूल सगळ्यात वरच्या पाचव्या भागात पोचायची शक्यता किती? सॅन होजेमध्ये 12.9 टक्के, शार्लटमध्ये 4.4. शार्लट काही पडकं गाव नाही, बँकांचं मोठं केंद्र आहे, शहराकडे पैसा भरपूर, पण तो खालून वर येणाऱ्या मुलापर्यंत पोचतोच असं नाही. अर्थात हे आकडे तिथेच वाढलेल्या मुलांचे आहेत, बाहेरून येणाऱ्या तुमच्या मुलीला ते जसेच्या तसे लावू नका, नाहीतर पुन्हा नवा तक्ता तयार होईल.

आता कोर्स. तुम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग धरून चाललाय, तो रस्ता सगळ्यांना माहीत आहे, तिला आवडत असेल तर एंट्रन्स देऊ दे. पण माझं स्पष्ट मत असं की जी मुलगी आकडा बघून आधी 'हा कसा मोजला' असं विचारते तिला स्टॅटिस्टिक्स किंवा इकॉनॉमिक्स दाखवलं पाहिजे. घराघरांचे सर्व्हे आखणं, नमुना निवडणं, महागाईचा निर्देशांक काढणं ही सगळी पगाराची कामं आहेत, सांख्यिकी कार्यालयं, बँका, विमा कंपन्या, संशोधन संस्था सगळीकडे लागतात. दोन्हीसाठी गणित पक्कं हवं, ते सोडू देऊ नका. मात्र हे तिचं नक्की आहे असं मी म्हणत नाही, कारण पत्रात तिला काय आवडतं यावर एक ओळ नाही.

म्हणून पुढचं पत्र तिचं हवं. तुम्ही वाचून, सुधारून पाठवलेलं नको, तिने तिच्या मेलवरून पाठवलेलं. आणि मुली, तू हे वाचत असशील तर कोर्सचं नाव लिहिलं नाहीस तरी चालेल, बाबांच्या तक्त्यात तुला अजून काय काय खटकलं ते लिही, सगळं लिही. फॉर्म भरायची मुदत अजून गेलेली नाही, तोवर कोणतीही फी भरू नका.