शिकारीला लपून बसलेल्या माणसाच्या अगदी जवळ बॉबकॅट (अमेरिकेतलं रानमांजर) किंवा प्यूमा (तिथलाच मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी) का येतो? अशा वेळी काय करावं?

कारण त्या क्षणी तुम्ही त्याला माणूस वाटतच नसता. उत्तर अमेरिकेत टर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला जाणारे लोक झाडीत मिसळून जाणारे कपडे घालतात, तोंड झाकतात, तासन्‌तास हलत नाहीत आणि वर मादी टर्कीचा हुबेहूब आवाज काढतात. कोल्ह्यांसाठी बसलेले तर जखमी सशासारखं किंचाळणारी शिट्टी वाजवतात. म्हणजे जेवणाचं आमंत्रण तुम्हीच दिलंत! मार्जारकुळातले प्राणी भक्ष्य शोधताना नाकापेक्षा कान आणि डोळ्यांवर जास्त विसंबतात, त्यामुळे वाऱ्याची दिशा सांभाळूनही फारसा उपयोग नाही. त्यातून ते येतात दबकत, बहुतेकदा पाठीमागून. म्हणूनच जाणते शिकारी रुंद बुंध्याला पाठ टेकून बसतात.

बॉबकॅट साधारण ६ ते १५ किलोचा. तुम्ही हललात, बोललात की पसार होतो (पिसाळलेला असेल तर गोष्ट वेगळी). प्यूमाचं प्रकरण गंभीर, मोठा नर ६० किलोच्याही पुढे जातो. शिट्टी ताबडतोब बंद करा, उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, खड्या आवाजात ओरडा. नजर त्याच्यावरून न हटवता सावकाश मागे सरका. पळालात तर त्याची पाठलागाची वृत्ती जागी होते आणि खाली वाकलात तर तुम्ही चार पायांचं भक्ष्य दिसता. अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग घेऊ नका. काठी, दगड, हाती लागेल त्यानं प्रतिकार करा, मान आणि गळा जपा.